कापसाचा वन्स मोअर

वऱ्हाडी माणसाला स्वस्थ बसायला शिकवावं लागत नाही. ते काम आमच्याकडे सूर्य करतो. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४६-४७ अंशांच्या घरात गेला, की दुपारी बारा ते चार या वेळात रस्त्यावर दोनच माणसं दिसतात. एक रसवंतीवाला, आणि दुसरा ज्याला अकोल्याची माहिती नाही असा परगावचा पाहुणा. बाकीचं गाव कूलरसमोर आडवं झालेलं असतं. अमरावती त्या मानानं थंड आहे, असं अमरावतीकर घाम पुसत पुसत सांगतात. माझा जन्म अमरावतीचा आणि नोकरी अकोल्याची, त्यामुळे या वादात मला दोन्हीकडून उकडतं.

या दोन गावांमध्ये अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. २०२२ सालच्या जून महिन्यात याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरून गिनेस बुकात विक्रम झाला. त्याआधी हा रस्ता किती वर्षं उखडून पडला होता, त्या विक्रमाची नोंद मात्र कोणी घेतली नाही. थोडक्यात काय, तर निवांतपणा आमच्या मातीतच आहे. घाई केली तरी ती आम्ही सावकाश विचार करून करतो.

पण हाच माणूस परदेशी निघाला की पार बिघडतो. आयुष्यभर सकाळचा चहा दोन हप्त्यांत पिणारा गृहस्थ तिकडे पहाटे पाचला बूट घालून खोलीच्या दाराशी उभा! सात दिवसांत पाच देश, अकरा चर्चं, दोन धबधबे आणि एक चॉकलेटचा कारखाना. त्यानं मनाशी हिशेब केलेला असतो, की आपल्याला परदेशाचा एक तास अमुक इतक्या रुपयांना पडला आहे. एवढ्या भावाचा तास झोपून घालवायचा म्हणजे पाप! मग तो झोपतो बसमध्ये, आणि घरी आल्यावर आपण काय काय पाहिलं ते फोटोंवरून शोधून काढतो.

लोक आम्हाला चिडवतात, की तुमचं काय बुवा, तुमच्यावर तर नाटकच आहे, 'वऱ्हाड निघालंय लंडनला'! आता प्राध्यापक लक्ष्मण देशपांड्यांच्या त्या प्रयोगातलं वऱ्हाड लग्नाचं, आणि तेही मराठवाड्यातलं, हे किती जणांना सांगत बसायचं? खरा वऱ्हाडी परदेशी गेला तो कामासाठी. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरलं, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं आपले देशी खेळ दाखवायला तिथे गेली होती. १९५५ साली तुकडोजी महाराज जपानला गेले ते खंजिरी घेऊन. नुसतं बसायला म्हणून समुद्र ओलांडणारा मी बहुधा आमच्या गल्लीतला पहिलाच असेन.

झालं असं, की माझी भाची स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळच्या एका गावात राहते. तिनं २०१९ च्या जून महिन्यात आम्हा दोघांना बोलावून घेतलं. गावाचं नाव विंटरटूर. हे नाव मी शेजाऱ्यांना सांगितलं आणि पस्तावलो.

"कुठी चालले भाऊसाहेब?"

"विंटरटूरला."

"जून महिन्यात विंटर टूर? समर टूर भेटली नाही काय?"

"अहो, गावाचं नाव आहे ते."

"असं काय! मंग पाहाले काय हाये तिथं?"

"तसं विशेष काही नाही म्हणतात."

"मंग कायले जाता बाप्पा एवढा खर्च करून? काहीच पाहाचं नसन, त आपलं मूर्तिजापूर काय वाईट हाये?"

मूर्तिजापूर वाईट आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. माझ्या आजोबांचं शेत त्याच भागात होतं. आणि गंमत अशी, की विंटरटूरला जायचं माझं खरं कारण आजोबांच्या शेतातच दडलेलं होतं.

आजोबा कापूस पिकवायचे. हंगामात पऱ्हाटी पांढरी झाली, की गाडी भरून बाजारात न्यायची, रात्रभर रांगेत बैल सोडून बसायचं आणि सकाळी भाव फुटायची वाट पाहायची. त्या काळच्या गोष्टी सांगताना त्यांच्या तोंडी दोन नावं हमखास यायची, रायली आणि वालकट. मला लहानपणी वाटायचं, रायली आणि वालकट हे त्यांचे दोन व्याही असावेत. कारण त्यांच्याविषयी ते त्याच सावध आदरानं बोलायचे. पुढे कळलं, की या कापूस खरेदी करणाऱ्या परदेशी पेढ्या. रायली म्हणजे रॅली ब्रदर्स आणि वालकट म्हणजे व्होल्कार्ट ब्रदर्स. आणि व्होल्कार्ट कुठले? विंटरटूरचे!

ही पेढी दोन भावांनी १८५१ साली एकाच वेळी विंटरटूर आणि मुंबई अशा दोन ठिकाणी उघडली. दोन वर्षांनी, १८५३ साली, वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडकला आणि सगळ्या जगाला अचानक वऱ्हाडचा साक्षात्कार झाला. १८६७ साली रेल्वे वऱ्हाडातून थेट नागपूरपर्यंत गेली, १८६९ साली सुवेझ कालवा खुला झाला, आणि आमच्या बोंडातला कापूस बोटीत बसून विलायतेला जायला मोकळा झाला. "वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड" म्हणतात ते उगाच नाही. त्या कुऱ्हाडीचा दांडा आमच्या हातात होता. पातं कोणाकडे होतं, ते नंतर बघू.

व्होल्कार्टची खरेदी खामगावला चालायची. खामगाव आज बुलढाणा जिल्ह्यात आहे, पण १९०५ पर्यंत ते अकोला जिल्ह्यात होतं, त्यामुळे अकोलेकर या नात्यानं त्यावर माझा थोडा हक्क पोचतो. आणि ही पेढी पार इतिहासजमा झाली असं समजू नका. १९५४ साली व्होल्कार्ट आणि टाटा यांनी मिळून एक कंपनी काढली आणि दोघांच्या नावांचे तुकडे जोडून तिचं नाव व्होल्टास ठेवलं. म्हणजे ज्यांनी आमच्या उन्हात पिकलेला कापूस नेला, त्यांचंच अर्धं नाव आज आमच्या भिंतीवर बसून थंड हवा सोडतं आहे. हा योगायोग मी सौभाग्यवतीला सांगितला, तर ती म्हणाली, "बिल भरतो न आपण त्याचं."

आता या व्होल्कार्टांच्या लेकीशी लग्न केलेल्या थिओडोर राइनहार्ट नावाच्या गृहस्थांकडे पुढे ही पेढी आली. त्यांना चार मुलगे. थोरला गिओर्ग आणि तिसरा वेर्नर यांनी धंदा सांभाळला. दुसरा हान्स कवी निघाला. आपल्याकडे चार मुलांत एक कवी निघाला तर बाप डोक्याला हात लावतो, इथे तर पुढचा ताप आणखी मोठा होता. वेर्नर धंदा करता करता क्लॅरिओनेट वाजवायचा आणि संगीतकारांना पैसे पुरवायचा. आणि धाकट्या ऑस्करनं तर १९२४ साली, चाळिशीही उलटली नसताना, धंदाच सोडून दिला. का? तर चित्रं जमवायला! गावाबाहेर टेकडीवर एक बंगला घेतला आणि आयुष्यभर चित्रं विकत घेऊन तिथे लावली. १९६५ साली तो वारला. बंगला आणि चित्रं त्यानं देशाला देऊन टाकली होती. १९७० पासून ती लोकांसाठी खुली झाली. बंगल्याचं नाव र्योमरहोल्ट्झ.

तर त्या बुधवारचा आमचा बेत असा होता. सकाळी थोरली चित्रं, दुपारी झाडाखाली आडवं व्हायचं आणि संध्याकाळी गाणं-बजावणं. भाचीनं विचारलं, "मामा, नुसतं एवढंच? धबधबा वगैरे नको?" मी म्हटलं, "नको. आज मी माझ्या आजोबांच्या कापसाचं काय झालं ते बघायला निघालोय. ते काम निवांतपणानंच केलं पाहिजे."

बंगला सुरेख. भोवती बाग, मोठाली झाडं, आणि शांतता इतकी, की माझ्या नव्या बुटांचा आवाज मलाच लागायला लागला. दारातल्या बाईनं सौभाग्यवतीच्या खांद्यावरची पिशवी बघून ती बाहेर कपाटात ठेवायची खूण केली. पिशवीत जेवणाचा डबा होता. परक्या ठिकाणी डबा नजरेआड करायचा हा प्रसंग तिच्यावर प्रथमच येत होता. कपाटाला किल्ली आहे हे तीनदा तपासून ती आत आली. तिकिटाच्या फ्रँकांना मी सत्तरनं गुणलं आणि लगेच स्वतःला बजावलं, की पाहुण्यानं गुणाकार करू नये. मग वाटलं, आपण इथे पाहुणे आहोत की भागीदार?

आत सुमारे दोनशे कलाकृती. नावं अशी, की आपण ज्यांची चित्रं कॅलेंडरवर पाहिली ती सगळी मंडळी इथे प्रत्यक्ष भिंतीवर. रेन्वार, सेझान, व्हॅन गॉग, गोया. गोयानं काढलेले सामन माशाचे तीन तुकडे बघून आमच्या शाकाहारी घराण्याचा प्रतिनिधी या नात्यानं मी जरा लांबूनच नमस्कार केला. मानेचं एक चित्र आहे, कॅफेत बसलेल्या लोकांचं. मूळ चित्र मोठं होतं, पण मानेनं ते मधोमध कापून दोन केली. एक तुकडा इथे, दुसरा लंडनच्या नॅशनल गॅलरीत. भावाभावांत वाटणी झालेला वाडा मी पुष्कळदा पाहिला आहे, पण वाटणी झालेलं चित्र पहिल्यांदाच पाहिलं. आमच्याकडे असतं तर मधल्या भिंतीवरून अजून कोर्टात तारखा चालू असत्या.

व्हॅन गॉगचं १८८९ सालचं एक चित्र आहे, आर्ल गावच्या इस्पितळातल्या वॉर्डचं. तो स्वतः तिथे रोगी म्हणून राहिला होता. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना पडद्यांच्या खाटा, मध्ये शेगडी आणि तिच्याभोवती बसलेली माणसं. सौभाग्यवती त्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. तिला चित्रकलेतलं काही कळत नाही, असं तीच सांगते. मग म्हणाली, "पाहा न, एवढे बिमार लोक, अन् एकाही खाटेपाशी डबा घेऊन आलेलं माणूस नाही." मी त्या चित्राविषयी नंतर दोन पुस्तकं वाचली. एवढं नेमकं कोणी लिहिलेलं नाही.

मग आलं ब्रॉयगलचं चित्र, सोळाव्या शतकातलं. बर्फ पडतं आहे, लहानसं गाव आहे, माणसं वाकून वाकून आपापल्या कामाला चालली आहेत, कोणी गोठलेल्या नदीतून पाणी काढतं आहे. चित्राचं नाव मात्र बाळ येशूला राजे वंदन करतात असं काहीतरी. आम्ही देव शोधायला लागलो. पुष्कळ शोधल्यावर डाव्या कोपऱ्यात एका पडक्या गोठ्याशी सापडला, तोही बर्फाआडून. राजे आले काय आणि देव जन्मला काय, पाणी भरणाऱ्याला पाणी भरावंच लागतं. हे चित्र एखाद्या वऱ्हाडी माणसानं काढलं असतं तर मला मुळीच नवल वाटलं नसतं. फक्त बर्फाच्या जागी फुफाटा असता.

मी मात्र दोनशे चित्रांत एकच गोष्ट शोधत होतो, ती म्हणजे कापूस. तो कुठेच नव्हता. बरं, विंटरटूरला तो आलाच नव्हता. कापूस गेला बंदरांना आणि गिरण्यांना, इथे आला तो त्यातला नफा. मी म्हटलं, निदान ज्या कापडावर ही चित्रं काढली ते तरी आपलं असेल. तर तेही नाही! पूर्वीच्या चित्रकारांचा कॅनव्हास असायचा तो जवसाच्या झाडाच्या धाग्याचा. आणि रंग कालवायचं तेल? तेही जवसाचंच! म्हणजे ज्या पऱ्हाटीच्या जिवावर हे घर भरलं तिचा चित्रात एक तंतू नाही, आणि ज्या जवसाची आम्ही चटणी करून मोकळे होतो तो मात्र भिंतीभर पसरलेला.

हे मी सौभाग्यवतीला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. ती दर्यापूरकडची. वेचणीच्या दिवसांत शाळेला बुट्टी मारून आईमागे कापूस वेचायला गेलेली. पहिल्या वेचणीला शेतात सीतादहीची पूजा व्हायची, दहीभात शिंपडायचा, ते तिला अजून आठवतं. आणि वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत कशी रुततात, तेही. तिनं भिंतीवरच्या सगळ्या बायकांकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "एवढ्या बायांत एकीच्याही हातावर ओरखडा नाही." मग किल्ली घेऊन डबा सोडवायला गेली.

दुपारी आम्ही बागेबाहेरच्या एका मोठ्या झाडाखालच्या बाकावर बसलो. आता आडवं व्हायचा कार्यक्रम होता. पण परदेशात आडवं होणं सोपं नाही. शेजारच्या बाकावर एक वृद्ध जोडपं बसलं होतं. तासाभरात दोघांमध्ये तीन वाक्यं झाली असतील. आमच्याकडे बाकावर अनोळखी माणूस येऊन बसला, की पाचव्या मिनिटाला गाव, दहाव्या मिनिटाला पगार आणि पंधराव्या मिनिटाला मुलीच्या लग्नाचा विषय निघतो. ही दोघं नुसती झाडाकडे बघत होती. झाड काहीही करत नव्हतं. माझ्या लक्षात आलं, की आमचा आराम उन्हानं लादलेला असतो आणि यांचा राखलेला. आम्ही आडवे होतो ते उभं राहणं शक्य नसतं म्हणून. यांना उभं राहायला काहीच हरकत नसताना हे बसले होते.

डब्यात पोळ्या, आलू-वांग्याची भाजी आणि भाचीनं अकोल्याहून जपून आणवलेली जवसाची चटणी होती. ब्रॉयगल, मानेच्या वाट्याचं द्रव्य पोळीला लावून खाताना मला मोठीच तृप्ती वाटली. वृद्ध बाईंना सौभाग्यवतीनं चटणी पुढे केली. त्यांनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी आणलं आणि तासाभरातलं चौथं वाक्य बोलल्या. काय ते कळलं नाही, पण त्यांचे यजमान पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

जेवणानंतर मी हिशेबाला बसलो. ही वऱ्हाडी खोड आहे. पोट भरल्याशिवाय आम्हाला अन्याय आठवत नाही. मी सौभाग्यवतीला म्हटलं, "या बागेतला एक कोपरा तरी आपला निघतो." पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हिस्सा मागायचाच झाला तर रांग मोठी आहे. या पेढीचा कापूस सिंधमधूनही यायचा, तुतिकोरीनकडूनही यायचा, तेल्लिचेरीची कॉफीसुद्धा होती. तेवढ्यांच्या वाटण्या होऊन आमच्या वाट्याला बाकाची एखादी फळी आली असती. ती आम्ही आधीच वापरत होतो.

दुपार कलली तसे आम्ही टेकडीच्या उतारावरून राइखेनबर्गला गेलो. हे तिसऱ्या भावाचं, वेर्नरचं घर. या गावच्या संगीत मंडळाची स्थापना १६२९ सालची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आदल्या वर्षाची. वेर्नरनं आपलं घर या मंडळाला दिलं आणि आता तिथे संगीताची शाळा आहे. माझ्या भाचीची मुलगी तिथेच शिकते. बुधवारी दुपारी शाळा नसते, म्हणून तिचा वाद्याचा तास. उघड्या खिडक्यांतून व्हायोलिनचे, पियानोचे, मधूनच एखाद्या बिचाऱ्या कर्ण्याचे आवाज येत होते. कुठलंही पोर कुठल्याही देशातलं असो, सरावाला बसलं की त्याचा आवाज दाराच्या करकरणाऱ्या बिजागरीसारखाच येतो. मला फार बरं वाटलं. एवढ्या बागबगीच्यात काहीतरी ओळखीचं ऐकू आलं.

नात बाहेर आली ती हातात काळी पेटी घेऊन. तिच्या मराठीत जर्मन व्याकरण शिरलं आहे असं तिची आई म्हणते. पण जर्मनमध्येही पुष्कळदा क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आम्हाला फरक कळला नाही. पेटीतून तिनं क्लॅरिओनेट काढलं. सौभाग्यवती एकदम खूश. "अव्वा! हे त आपल्या वरातीतलं!" आमच्याकडे क्लॅरिओनेट म्हणजे बँडवाल्यांच्या पहिल्या रांगेतला माणूस. नवरदेवाच्या घोड्यापुढे तो गाल फुगवून वाजवतो आणि मामा मंडळी नाचतात. म्हणजे एका अर्थानं वऱ्हाड इथपर्यंत आलंच होतं!

मग नातीनंच मला या घराची गोष्ट सांगितली. वेर्नर राइनहार्ट स्वतः हौसेनं क्लॅरिओनेट वाजवायचा. पहिलं महायुद्ध चालू असताना स्ट्राविन्स्की नावाचा मोठा रशियन संगीतकार स्वित्झर्लंडमध्ये अडकला होता. पैशांची चणचण. त्यानं सात वाद्यांत भागेल असं एक संगीतनाट्य रचलं, 'शिपायाची गोष्ट'. त्याचा खर्च या वेर्नरनं उचलला. २८ सप्टेंबर १९१८ रोजी लोझान शहरात पहिला प्रयोग झाला. पुढे दौरा काढायचा होता, पण इन्फ्लुएंझाची साथ आली आणि तो बारगळला. स्ट्राविन्स्कीनं नंतर एकट्या क्लॅरिओनेटसाठी तीन रचना करून वेर्नरला अर्पण केल्या. रिल्के नावाच्या कवीलाही या वेर्नरनं राहायला एक जुनी गढी घेऊन दिली होती. कवीला कोणी चहा पाजला तरी आमच्याकडे बातमी होते, इथे गढी!

"पण शिपायाची गोष्ट काय आहे?" मी विचारलं.

"एक शिपाई असतो, मामाआबा. सुट्टीवर घरी चाललेला. त्याच्याकडे एक व्हायोलिन असतं. सैतान म्हणतो, ते मला दे, मी तुला एक पुस्तक देतो. त्या पुस्तकात पुढे काय होणार ते सगळं लिहिलेलं असतं. बाजारभावसुद्धा."

मी ताडकन सरळ बसलो. उद्याचा भाव आज सांगणारं पुस्तक! अहो, त्या पुस्तकासाठी अकोल्याच्या कापूस बाजारातल्या माणसानं व्हायोलिन काय, घरातला हार्मोनियम, तबला आणि वर तबलजी दिला असता. रुईच्या भावावर सट्टा खेळून रात्रीत माडी चढवलेले आणि रात्रीत माडी उतरवलेले लोक आम्ही ऐकलेले आहेत. मुंबईचा आकडाही मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावावरच लागायचा. आणि अशा नाटकाला पैसे दिले कोणी, तर कापसाच्या व्यापाऱ्यानं! सैतानाची गोष्ट सांगायला त्यानं स्वतःची थैली सोडली, हे मात्र मानायला हवं.

"मग काय होतं?"

"सैतान त्याला म्हणतो, तीन दिवस माझ्याकडे राहा. तो राहतो. पण घरी येतो तर तीन वर्षं झालेली असतात. कोणी त्याला ओळखत नाही. मग तो खूप श्रीमंत होतो. पण त्याला व्हायोलिन पाहिजे असतं."

तीन दिवस ऐकलं मात्र, आणि मला आजोबा आठवले. आजोबा कापूस विकायला अमरावतीला जात ते एका दिवसासाठी. येत ते चौथ्या दिवशी. कारण कापसाचा हंगाम हाच संगीत नाटक मंडळ्यांचा वऱ्हाडच्या दौऱ्याचा हंगाम. शेतकऱ्याच्या कनवटीला पैसा आला, की मागोमाग नाटकाचा तंबू आलाच. पहाटेपर्यंत नाटक चालायचं. एकेका पदाला सात सात वन्स मोअर. आजोबा गावात शिरायचे ते बैलांच्या घुंगरांवर पद गुणगुणत. आजी दारातच विचारायची, भाव काय लागला? आजोबा म्हणायचे, "भाव बरा होता, पण गळा काय होता, वा!" पुढचे दोन दिवस घरात फक्त बैलच आजोबांशी बोलायचे.

राइखेनबर्गच्या बाकावर बसून माझ्या मनात पहिल्यांदा तो हिशेब जुळला. कापसाचा पैसा त्यांनी चित्रांत घातला आणि भिंतीला टांगला. आमच्या वाट्याला जे दोन पैसे आले ते आम्ही वन्स मोअरमध्ये घातले आणि हवेत सोडले. त्यांच्या भिंती अजून उभ्या आहेत, आमची हवा विरून गेली. आमच्या बाजूनं एवढंच सांगतो, की शौक दोघांचाही खरा होता. ऑस्कर राइनहार्टनं धंदा सोडला तो चित्रांपायी, आणि आजोबांनी घरी बोलणी खाल्ली ती गळ्यापायी. फरक इतकाच, की ऑस्करला आयुष्यभर बसता आलं आणि आजोबांना तीन रात्री.

आणि आजीला? तो विचार मात्र मला हिशेबात कुठे मांडता येईना. वेचणी तिची, सरकीसकट गाडी भरून देणं तिचं, चौथ्या दिवसापर्यंत दाराकडे डोळे लावून बसणंही तिचंच. तिनं आयुष्यात एकही नाटक पाहिलं नाही. पदं तिला सगळी पाठ होती, आजोबांच्या तोंडून ऐकून. म्हणजे नाटक तिच्यापर्यंत पोचलं ते असं, बैलगाडीतून, बेसूर होऊन.

सौभाग्यवती इतका वेळ गप्प होती. ती नातीला म्हणाली, "गोष्ट ऱ्हाऊ दे पोरी. तू वाजव."

नात लाजली नाही. आमच्याकडच्या पोरींसारखे आढेवेढेही तिनं घेतले नाहीत. उभी राहिली, वाद्य जोडलं, जीभ लावून बघितली आणि एक छोटीशी चाल वाजवायला लागली. कोणाची होती कोण जाणे, मी विचारलं नाही. दोनदा अडखळली, परत मागे जाऊन नीट वाजवली. वरच्या खिडकीतलं व्हायोलिन थांबलं. दोन-तीन मिनिटांचं काम. संपल्यावर तिनं वाद्य खाली घेतलं.

आणि माझ्या शेजारी बसलेल्या, आयुष्यात सभेमध्ये कधी तोंड न उघडलेल्या, दर्यापूरच्या बाईनं दोन्ही हात गुडघ्यावर आपटून मोठ्यानं आरोळी ठोकली, "वन्स मोअर!"

बागेतली झाडं दचकली असतील. वरच्या खिडकीतून एका मास्तरणीनं डोकं बाहेर काढलं.

"मामीआजी, म्हणजे काय?" नातीनं विचारलं.

"म्हणजे पुन्हा वाजव. पैसे दिलेले हायेत आपण," सौभाग्यवती म्हणाली.

नातीनं खिडकीकडे पाहिलं. मास्तरणीनं मान हलवली, आणि पोरीनं पुन्हा क्लॅरिओनेट ओठांना लावलं.